कारण: विश्रांती

वसतिगृहाच्या दारापाशी एका उंच टेबलावर रजिस्टर असायचं आणि त्याला सुतळीनं पेन्सिल बांधलेली असायची. शनिवारी दुपारी बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीनं त्यात नाव, खोली, जाण्याची वेळ, येण्याची वेळ लिहायची आणि मग शेवटच्या, सगळ्यांत रुंद रकान्यात लिहायचं: जाण्याचे कारण. रस्त्यापलीकडं मुलांचं वसतिगृह होतं. तिथं असलं रजिस्टर नव्हतं. मुलं शनिवारी निघून जात, सोमवारी उगवत, त्यांना कुणी काही विचारत नसे. आमच्या रकान्यात मात्र दर शनिवारी माणसं आजारी पडत. आत्या आजारी, आजीस भेटणे, चुलत बहिणीचा साखरपुडा. मी माझ्या एकाच मावशीला तीन वर्षांत चार वेळा अंथरुणाला खिळवलं होतं. ती मावशी धडधाकट होती, दोन घागरी एकावर एक घेऊन विहिरीवरून यायची. तिला हे कळलं असतं तर तिनं मला बडवून काढलं असतं.

खरं कारण पैठणच्या वाटेवर होतं. माझी खोलीसोबतीण शोभा हिचं गाव धरणाच्या पाण्याच्या काठावर होतं. जुनं गाव पाण्याखाली गेलेलं, नवं वरच्या माळावर वसवलेलं. पाण्याच्या कडेला तिच्या वडिलांची एक पत्र्याची खोली होती. पूर्वी तिच्यात पाणी ओढायचं इंजिन होतं. पुढं ते दुसऱ्या शेतात नेलं आणि खोली रिकामी राहिली. आठ पावलं लांब, सहा पावलं रुंद, एक दार, एक झरोका, आत डिझेलचा न जाणारा वास. शोभाच्या आईनं शेणानं सारवून दिली, आम्ही गोणपाटं अंथरली आणि तिला बंगला म्हणायला लागलो. आमच्यातल्या एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता. पलीकडचा काठ दिसत नव्हता आणि लाटा येत होत्या, एवढ्या पुराव्यावर आम्ही त्या पाण्याला समुद्र म्हणत होतो. पुढं नोकरी लागल्यावर मी खरा समुद्र पाहिला. चांगला आहे. पण माझा पहिला समुद्र गोड्या पाण्याचाच होता, आणि त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

तिसरी नसरीन. ती आमच्या वर्गात होती, राहायला लष्कराच्या छावणीत. तिचे अब्बा शिंपी, दुकानात दिवसभर खाकी कापडाचे ढीग. नसरीनला खोटं बोलावं लागत नसे. तिच्या अम्मीला सगळं ठाऊक होतं. शनिवारी आम्ही तिला घ्यायला गेलो की अम्मी पितळी डबा तिच्या हातात देत आणि माझ्याकडं बघून म्हणत, "खाली डब्बा वापस लाना, बेटी. पिछली बार ढक्कन पानी में गया था." डब्यात मटणाचा खलिया, म्हणजे झणझणीत रस्सा असे. तो एस.टी.त मांडीवर धरून बसायची पाळी माझी, कारण माझ्याच मांड्या रुंद होत्या, असं नसरीनचं म्हणणं. फाट्यावर उतरून तासभर चालायचं. रात्री झोपायला शोभाच्या घरी, आणि उजाडलं की पाण्यावर.

तिथं आम्ही काय करत होतो? हा प्रश्न मला पुढं इतक्या जणांनी विचारला आहे की इथं एकदाच स्वच्छ लिहून टाकते. काही नाही. पाण्यात पाय सोडून बसायचो. सकाळी भोई लोकांच्या होड्या काठाला लागल्या की ओंजळभर चिलापी मासे घ्यायचे, शोभा ते राखेनं घासायची, नसरीन काळं तिखट आणि मीठ लावून तव्यावर टाकायची. चुलीत तुराट्या, म्हणजे तुरीची वाळलेली झाडं. त्या तडतडत जळायच्या आणि लवकर विझायच्या, म्हणून एकीला सारखं चुलीपाशी बसावं लागे, ती मी. शोभाच्या घरच्या ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर खलिया. जेवण झालं की ऊन चढायचं आणि पत्रे तापून टण्ण टण्ण वाजायला लागायचे. त्या आवाजात आम्ही झोपायचो. उठून पुन्हा पाण्यापाशी. शोभा बोट दाखवून सांगायची, तिथं आमची जुनी शाळा, तिथं मारुतीचं देऊळ, तिथं माझा जन्म झाला ते घर. आम्ही बघायचो. सपाट पाणी. हिवाळ्यात लांब पायांचे गुलाबी पक्षी येऊन त्या शाळेवर उभे राहायचे.

उन्हाळ्यात पाणी मागं सरकायचं. बंगल्यापासून पाण्यापर्यंत गाळाचा पट्टा उघडा पडायचा आणि शोभाचे वडील त्यात टरबुजं लावायचे. हा गाळ मोठा लबाड. वरून वाळून त्याच्या खपल्या पडत, भेगा पडत, बघणाऱ्याला वाटे घट्ट झाला. पण खाली तो महिना महिना लोण्यासारखा असे. पहिल्या वर्षी मी त्यात मांडीपर्यंत गेले होते. माझी एक चप्पल अजून तिथंच आहे. मग शोभानं शिकवलं: भेगांच्या कडा वर वळलेल्या असतील तर पाय द्यायचा नाही, आणि जिथून गुरांची वाट गेली असेल तिथूनच जायचं.

आमच्या घरात मी कुणाला नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं. करमाडच्या पलीकडं आमचं गाव. घर एकत्र, कारभार तात्यांचा. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. माझे वडील, आबा, त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तात्यांनी सांगावं आणि आबांनी करावं, यात कधी शब्दाचा आवाज झाला नाही. आई आणि थोरली काकू पहाटे उठत आणि अंधार पडल्यावरही त्यांच्या हातात काहीतरी असेच, निवडायचं, शिवायचं, सोलायचं. मला शिकायला पाठवलं तेही तात्यांनीच, हे इथं प्रामाणिकपणे लिहायला हवं. हायस्कूलच्या गुरुजींनी घरी येऊन सांगितलं आणि तात्या म्हणाले, "जाऊ द्या, आपल्या घरातलं एक तरी शिकू द्या." त्या एका वाक्यावर मी उभी आहे. मी त्यांची ऋणी होते आणि आहे. पण ऋणी असणं म्हणजे प्रत्येक श्वासाचा जाब देणं, असं मला तेव्हाही वाटलं नाही.

शेवटच्या वर्षाची परीक्षा महिन्यावर आली होती. शनिवारी मी रजिस्टरासमोर उभी राहिले, पेन्सिल हातात घेतली, आणि मावशीला पाचव्यांदा आजारी पाडायचा मला कंटाळा आला. मागं रांग होती. रस्त्यापलीकडं मुलं शिट्ट्या मारत एस.टी. स्टँडकडं निघाली होती. मी त्या रुंद रकान्यात लिहिलं: विश्रांती. शोभानं वाचलं आणि माझा दंड धरला. "येडी झालीस का? खोड ते." "पेन्सिलीला रबर नाय," मी म्हणाले.

रेक्टरबाईंनी त्या वेळी मला जाऊ दिलं. त्यांनी माझी मागची सगळी पानं काढून मावशीची दुखणी मोजली असावीत, कारण दोन आठवड्यांनी, तात्यांच्या नावानं, आमच्या गावात एक पोस्टकार्ड पोचलं. आपली पुतणी वारंवार विश्रांतीसाठी वसतिगृहाबाहेर राहते, याची आपणास कल्पना आहे काय? पोस्टकार्ड उघडं असतं. पोस्टमननं ते पारावर वाचलं, मग तात्यांना दिलं. पोरगी पळाली असती तर गावाला समजलं असतं. विश्रांती म्हणजे काय, हे कुणालाच समजेना. आणि जे समजत नाही त्याचा अर्थ गाव वाईटच लावतं. जालन्याकडचं एक स्थळ आधीच हातात होतं. परीक्षेपर्यंत थांबा असं ठरलं होतं. आता थांबायचं नाही, असं ठरलं.

पुढच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला बंगल्यामागच्या उंचवट्यावर भाड्याची जीप आली. मी चुलीपाशी होते. जीपमधून तात्यांचा फेटा दिसला. वसतिगृहातून शोभाच्या गावाचा पत्ता घेऊन ते आले होते. शेजारी आबा. चालवायला शेखभाई, करमाडच्या नाक्यावर ज्यांची जीप उभी असायची ते. उंचवट्यावरून बंगल्याकडं यायला गुरांची वाट वळसा घालून होती. समोरून सरळ यायचं तर मध्ये गाळ. शोभा पदर खोचून पळत गेली.

"तात्या, गाडी वरच राहू द्या. नायतर त्या बाभळीकडून घ्या. इथं गाळ हाय."

"बाजूला हो पोरी. मला शिकवू नको. चाळीस वर्सं शेती केली."

"खाली वल्ला हाय वो तात्या, वरूनच वाळल्यावानी दिसतो!"

"मैं भी वहीच बोलरा, तात्या," शेखभाई म्हणाले. "जमीन पोली दिखरी."

"तू चालव."

जीप पंधरा-वीस पावलं छान आली. मग तिचं नाक खाली गेलं, मागची चाकं फिरली, काळा गाळ तात्यांच्या फेट्यापर्यंत उडाला आणि जीप पोटावर बसली. नसरीन माझ्यामागं उभी होती. तिनं ओढणी तोंडात कोंबली होती, पण खांदे हलत होते. मी तिला चिमटा काढला. तरी मलाही हसू फुटलंच, आणि ते तात्यांनी बघितलं.

ते गाळ तुडवत आले. धोतर गुडघ्यापर्यंत काळं. आबा मागं, दोन्ही चपला हातात.

"हे काय चाललंय?"

"काय नाय, तात्या. मासे तळतोय."

"कोन कोन हाय आत?"

"कोनी नाय. बघा." त्यांनी आत डोकावून बघितलं. गोणपाटं, डबा, मडकं. बघून झाल्यावर त्यांचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. काहीतरी सापडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"मग कशाला येता इथं?"

"उगंच."

"उगंच म्हंजी?"

"झोपायला. पान्यात पाय सोडून बसायला."

तेव्हा आबा पहिल्यांदा बोलले. ते माझ्याकडं बघत नव्हते, चुलीकडं बघत होते. "परीक्षा जवळ आली ना. अभ्यासाला येत असतील पोरी. वसतिगृहात गलका असतो म्हनं. पुस्तकं आनली असतील." आणि मग हळू, "आनलीस ना गं, मंदे?"

मला आजही तो आवाज ऐकू येतो. आबांनी मला दार उघडून दिलं होतं. व्हय म्हटलं असतं की संपलं. तात्यांनाही ते चाललं असतं. गावात जाऊन सांगायला त्यांना एक कारणच हवं होतं. शोभा माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होती, व्हय म्हण, व्हय म्हण. आणि माझं शेवटचं वर्ष, तीन वर्षांचं सगळं, त्या एका शब्दावर टांगलेलं होतं. मी आबांना खोटं सांगू शकले असते. रेक्टरबाईंना तीन वर्षं सांगतच आले होते. पण मला वाटलं, आज व्हय म्हटलं तर जन्मभर मला बसायला, झोपायला, नुसतं पाण्याकडं बघायला पुस्तक हातात धरावं लागेल.

"नाय आनली, आबा," मी म्हणाले. "अभ्यास मी सोमवार ते शनिवार करते. वर्गात तिसरी हाय. इथं मी काय करत नाय."

तात्या म्हणाले, "झालं. सामान भर. आज घरी. परीक्षा-बिरीक्षा काय नाय."

पण जायचं कसं? जीप पोटावर. शोभाचे वडील आले, गाळ बघितला, जीप बघितली, तात्यांकडं बघून बिचाऱ्यांनी हसू गिळलं. बैलजोडी नांगराला गेलेली, ऊन उतरल्यावर येईल म्हणाले. म्हणजे अख्खी दुपार. मला न्यायला आलेल्या माणसांना आता त्याच जागी, माझ्यासारखंच, काही न करता बसायचं होतं.

तात्या जाऊन कललेल्या जीपमध्ये बसले. पोरींच्या छपराखाली येणार नाही, हा बाणा. जीप तापली तसे खाली उतरले, जीपच्या सावलीला उभे राहिले. सावली सरकत गेली तसे तेही सरकले. शेवटी बंगल्याच्या भिंतीला टेकून बसले, दाराकडं पाठ करून. नसरीननं ताट वाढून नेलं.

"तात्या, खाना खा लो."

"मला भूक नाय."

"मछली ठंडी हो जाती. गुस्सा बाद में कर लो ना."

शेखभाई फस्सकन हसले आणि तात्यांची नजर पडताच खोकले. तात्यांनी मासे घेतले नाहीत. शोभानं टरबूज फोडून पुढं ठेवलं. ते मात्र, कुणी बघत नाही असं समजून, त्यांनी सालीपर्यंत खाल्लं. आबांनी दोन भाकऱ्या आणि चार मासे खाल्ले, हात धुतले, आत येऊन गोणपाटावर बसले. पत्रे वाजत होते. झरोक्यातून वारा येत होता. मी भांडी घासून आत आले तर आबा आडवे झालेले, तोंड थोडं उघडं, घोरत होते. मी एकवीस वर्षांची होते आणि माझ्या बापाला दिवसा झोपलेलं मी पहिल्यांदा बघत होते. आजारी असतानाही ते बसून राहायचे. त्यांचे तळपाय माझ्याकडं होते, भेगा पडलेले. मी दारात बसले आणि कुणाला आत येऊ दिलं नाही. तात्यांनी दोनदा हाक मारली, "ए, उठव त्याला." मी म्हणाले, "नाय उठवत." दुसऱ्यांदा ते उठून आले, आणि मी उंबऱ्यावरून हलले नाही.

ऊन उतरलं तसे बैल आले. तुराट्यांचे भारे वाहायचं काम आमचं. चाकांच्या पुढं तुराट्या अंथरायच्या, त्यावर गोणपाटं, पुन्हा तुराट्या. मांडीपर्यंत गाळात उभं राहून आम्ही तिघींनी ते केलं, कारण कुठं पाय ठेवायचा हे आम्हालाच माहीत होतं. तात्या काठावरून सूचना देत होते, त्या कुणी ऐकत नव्हतं. बैलांनी जोर केला, शेखभाईंनी गाडी रेटली, आणि जीप मोठा आवाज करून सुटली.

ती उंचवट्यावर उभी राहिली. तात्यांनी मागचं दार उघडलं आणि धरून ठेवलं.

"बस."

"परीक्षा झाल्यावर येते, तात्या."

"बस म्हनलं ना. आज नाय बसलीस तर पुन्हा आमच्या दारात यायचं नाय."

"तुमी शिकायला पाठवलं म्हनून मी शिकले. आता शेवटचा महिना अर्ध्यात सोडत नाय."

"आन हे? हे पन शिकायला पाठवलं व्हतं का?"

"नाय. हे माझं मी शिकले."

आबा माझ्या दिशेनं आले. मला वाटलं, आता दंड धरणार. मी पाय घट्ट रोवले. आबा माझ्या बाजूनं पुढं गेले, तात्यांच्या हातातलं दार त्यांनी घेतलं आणि स्वतः आत चढून बसले. मग त्यांनी ते दार आतून ओढून घेतलं. कडी लागल्याचा आवाज झाला.

"दादा, बसा पुढं," ते तात्यांना म्हणाले. "शेखभाई, चला."

एवढंच. माझ्याकडं बघितलंही नाही.

मी परीक्षा दिली. आमच्या घराण्यातली पहिली पदवी मला मिळाली. पण त्या कडीची किंमत मी एकटीनं दिली नाही, आणि ते लपवलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही. त्याच उन्हाळ्यात आमच्या घरात दोन चुली झाल्या. आई आणि थोरली काकू तेवीस वर्षं एका परातीत पीठ मळत होत्या, त्यांच्यात कुडाची भिंत आली. आईनं मला तोंडावर सांगितलं, "तुज्या झोपंपायी घर फुटलं." गावही तेच म्हणालं. तात्या पुढं बरीच वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी होते, तेव्हाही त्यांनी नर्सला सांगितलं, "ही लई हट्टी." मी पाणी पाजलं, ते प्यायले. मी माफी मागितली नाही, त्यांनीही मागितली नाही.

आता निवृत्त झाल्यावर शाळा-महाविद्यालयांतून मला मुलींसमोर बोलायला बोलावतात. बोलावणारे आधीच सांगतात, मॅडम, तुमचा संघर्ष सांगा. त्यांना अनवाणी चालणं हवं असतं, अर्धपोटी अभ्यास हवा असतो. तो मी केला, पण तो सगळ्यांनीच केला. मी त्यांना पत्र्याच्या खोलीत दुपारी झोपल्याचं सांगते. पाहुण्यांच्या रांगेत चुळबुळ होते. मुली मात्र पुढं सरकून ऐकतात. एकदा एकीनं उठून विचारलं, "पण मॅडम, त्याचा उपयोग काय झाला?" मी म्हणाले, उपयोग झाला असता तर मी हे सांगितलं नसतं.

निकाल लागल्यावर मी गावी गेले ते आबांच्या नव्या, एकट्या चुलीपाशी. आईनं भाकरी टाकली. आबा बाहेर दावं वळत बसले होते. मी निकालाचा कागद दाखवला, त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून बघितला आणि परत दिला. बराच वेळ दावं वळलं. मग विचारलं,

"त्या तिथं वारा रोजच असतो का गं?"

"रोजच, आबा."

"उन्हाळ्यात बी?"

"उन्हाळ्यात जास्तच."

त्यांनी दाव्याला गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली. "मग जात जा," म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले.